वहीत २१५ आणि दुकानात ३५

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की आजकालच्या पोरांना तोंडी हिशोब येत नाही, पाढे पाठ नाहीत, साध्या बेरजेला बोटं लागतात, मोबाईलने वाट लावली वगैरे. काळजी खरी आहे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण त्यांनी सगळा राग बोटांवर काढलाय, आणि पाठ करून घ्या एवढा एकच उपाय सांगितलाय, तो मला पटला नाही. म्हणून पहिल्यांदाच पेपरला लिहितेय, लांबलं तर काटछाट करा पण मुद्दा जाऊ देऊ नका.

माझं नाशिकला सिडकोत छोटं दुकान आहे, झेरॉक्स आणि शाळेच्या वस्तूंचं. मुलगी दुसरीत आहे. दिवाळीआधी तिचा चाचणीचा पेपर घरी आला, त्यात २८ आणि ७ ची उभी बेरीज होती आणि तिने उत्तर लिहिलं होतं २१५. लाल पेनाने फुली, बाजूला "हातचा विसरली". मी आधी रागावले, मग तिने हे कसं केलं ते नीट बघितलं तर आठ आणि सात पंधरा, ते पंधरा तिने खाली अख्खे लिहून टाकले आणि दोनला कोणी जोडीदार नाही म्हणून तो तसाच पुढे उतरवला. म्हणजे आठ आणि सात तिला येत होते! चूक होती ती मांडणीची. त्याच दिवशी संध्याकाळी ती दुकानात माझ्याजवळ बसली होती, एका मुलाने २८ ची वही आणि ७ चं खोडरबर घेतलं, मी कॅल्क्युलेटर शोधत होते तोवर ही म्हणाली पस्तीस. मी विचारलं कसं गं, तर म्हणाली, "अठ्ठावीसला दोन दिले की तीस झाले ना, मग सातातले पाच उरले." मी पेपर परत तिच्यापुढे धरला आणि म्हटलं हीच बेरीज आहे बघ, तर ती खरंच गोंधळली, म्हणाली "नाही मम्मी, ही शाळेची आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. सात वर्षांच्या पोरीला वाटतंय की शाळेची बेरीज वेगळी आणि दुकानातली वेगळी, आणि २१५ उत्तर आल्यावर तिला दचकायलासुद्धा झालं नाही, कारण वहीत काय येतं ते खरं असायला पाहिजे असं तिला कोणी सांगितलंच नाहीये, तिथे फक्त रकाने भरायचे असतात.

आणि हे माझ्या एकटीच्या पोरीचं नाहीये. नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, त्यांच्यासोबत अजून बरेच अभ्यासक, यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात विक्री करणाऱ्या मुलांवर काम केलं, ते २०२५ मध्ये नेचर या विज्ञानाच्या साप्ताहिकात आलं. ती पोरं ठेल्यावर दोन-तीन वस्तूंचा हिशोब तोंडी करून बरोबर सुट्टे परत देतात, पण तीच बेरीज-वजाबाकी कागदावर शाळेच्या पद्धतीने दिली की अडकतात. आणि शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी पोरं याच्या उलट, कागदावरचं बऱ्यापैकी जमतं पण बाजारातला हिशोब तोंडी जमत नाही. दोघांकडे अर्धं अर्धं आहे आणि मधला पूल कोणी बांधत नाही.

आता बोटांचं. मुलं बोटं का मोजतात ते आधी समजून घ्यायला पाहिजे. पोरगं पहिल्यांदा बेरीज शिकतं तेव्हा सगळंच एकपासून मोजतं. आठ आणि पाच म्हटलं की आठ रेघा काढायच्या, पाच रेघा काढायच्या, आणि मग एक दोन तीन करत तेरापर्यंत. नंतर त्याला शिकवतात "मोठी संख्या मनात, छोटी बोटांवर", आपल्या सगळ्या शाळांत हे वाक्य आहे आणि चांगलं वाक्य आहे. आठ मनात, मग नऊ दहा अकरा बारा तेरा. इथे एक चूक हमखास होते ती पालकांनी बघून ठेवा, मूल पहिलं बोट उघडतानाच "आठ" म्हणतं, आठ नऊ दहा अकरा बारा, आणि उत्तर दरवेळी एकने कमी येतं. माझीचं चार महिने तेच चालू होतं आणि मी म्हणत होते की हिचं लक्ष नाहीये. लक्ष होतं, सुरुवात चुकत होती. फरशीवर खडूने चौकटी आखून उड्या मारायला लावल्या, आठच्या घरात उभी राहा आणि आता पाच उड्या, उभं राहणं ही उडी नाही, एका संध्याकाळात सुटलं.

पण असं आठच्या पुढे मोजत जाणं ही शेवटची पायरी नाहीये. अडचण अशी होते की बरीच मुलं तिथेच राहतात, चौथी-पाचवीपर्यंत टेबलाखाली बोटं लपवून मोजतात, आणि मोठी माणसं त्यांना म्हणतात बोटं बंद कर, पाठ कर. बोटं बंद केली की मूल काय करणार, अंदाज मारणार. त्यापेक्षा बोटांकडेच नीट बघायला शिकवा ना. एका हाताला पाच, दोन हातांचे दहा. सहा म्हणजे एक अख्खा हात आणि एक बोट. सात म्हणजे एक अख्खा हात आणि दोन. मग सहा आणि सात किती? दोन अख्खे हात मिळून दहा, वरची एक आणि दोन तीन, तेरा. इथे एकही बोट मोजलं नाही, बोटं नुसती बघितली. थोडे दिवस बघितली की मग डोळे मिटून पण दिसतात.

याहून मोठी गोष्ट मला कळली ती सासूबाईंकडून. त्या बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, भाजी विकतात, चाळीस वर्षं झाली असतील, शाळा चौथीपर्यंत. पोरीला सुट्टी होती म्हणून एका बुधवारी आम्ही दोघी त्यांच्याजवळ बसलो. एका ताईंनी मेथी घेतली अठराची आणि कांद्याची पात पंधराची. आईंनी मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता म्हटलं, "अठराला दोन वीस, राहिले तेरा, तेहेतीस." ताईंनी पन्नासची नोट दिली. आईंनी वजाबाकी केलीच नाही, तेहेतीस म्हटलं, दोनचं नाणं हातावर ठेवलं "पस्तीस", पाचचं ठेवलं "चाळीस", दहाची नोट ठेवली "पन्नास", झालं. किती परत दिले ते आकड्यात त्यांनी उच्चारलं पण नाही. पोरगी बघतच राहिली, म्हणाली आजी तू सतरा दिले! तर आई म्हणाल्या, "मला कुठं सतरा मोजायचे होते माय, मला पन्नास भरायचे होते."

दहा भरायचे, वीस भरायचे, पन्नास भरायचे. आमच्या घरात तेव्हापासून याला भरणं हाच शब्द आहे. नऊ आणि सहा आले की ती म्हणते नवाचे दहा भरले, सहातला एक गेला, पाच उरले, पंधरा. पण हे भरायला एक गोष्ट पक्की लागते, ती म्हणजे दहाच्या जोड्या. एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा, पाच-पाच. पाचच जोड्या आहेत, आणि पाठच करायचं असेल तर ह्या पाठ करा, त्याला माझी अजिबात ना नाही. फक्त तोंडाने घोकून नका घेऊ. आम्ही दहा चिंचोके घेतो, ताटात पसरतो, ती डोळे मिटते, मी काही चिंचोके वाटीखाली लपवते, बाहेर सहा दिसतात, वाटीखाली किती? पहिले दोन दिवस ती बोटं मोजायची, मग वाटीकडे एकटक बघायची, आठवड्याने माझा हात वाटीवर पोचायच्या आत उत्तर यायचं. मग ती मला लपवायला लागली, मुद्दाम सगळेच्या सगळे दहा लपवायची नाहीतर एकही लपवायची नाही, म्हणजे शून्य पण आपोआप आला खेळात. पत्त्यांचा पण खेळ होतो, राजा राणी गुलाम काढून टाकायचे, दहाचे पत्ते पण काढून ठेवायचे, बाकीचे उलटे मांडायचे आणि दोन दोन उघडायचे, दहा झाले तर जोडी आपली.

मी एकदा रात्री दुकान बंद करून कागदावर मांडून बघितलं की एकपासून नऊपर्यंतच्या आकड्यांच्या बेरजा एकूण आहेत तरी किती. उलटसुलट धरून ८१. पण तीन आणि आठ म्हणजेच आठ आणि तीन, हे मुलाला एकदा पटलं की उरतात ४५. त्यातल्या २० बेरजा दहाच्या आतच आहेत, पाच ह्या दहाच्या जोड्या, आणि दहा ओलांडणाऱ्या फक्त २०. ह्या वीसचीच सगळी भीती आहे. आता त्यातल्या आठ बेरजांमध्ये नऊ आहे, तिथे एक घेऊन दहा भरायचे, सुटल्या. सहा-सहा, सात-सात, आठ-आठ ह्या जुळ्या, त्या मुलांना का कोण जाणे आपोआप लक्षात राहतात. जुळ्या आल्या की शेजारच्या येतात, पाच-सहा म्हणजे पाच-पाच आणि एक, तसंच सहा-सात, सात-आठ. उरल्या किती तर सहा. आठमध्ये तीन, चार, पाच, सहा मिळवायचे, आणि सातमध्ये चार आणि पाच. तिथे आठला दोन देऊन नाहीतर सातला तीन देऊन दहा भरा. एवढाच तो डोंगर. मी हे मांडल्यावर मला स्वतःलाच इतकं मोकळं वाटलं, कारण लहानपणी मला कोणी सांगितलं नव्हतं की ते एवढंसंच आहे, मला वाटायचं बेरजा संपतच नाहीत.

आणि आपल्या मराठीत तर ह्या युक्त्या शब्दातच बसवलेल्या आहेत. एकोणीस म्हणजे वीसला एक उणा. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळे तसेच. ३४ मध्ये १९ मिळवायचे तर वीस मिळव आणि एक काढ, चोपन्नातून एक गेला त्रेपन्न. आकड्याचं नावच सांगतंय काय करायचं ते, पण आपण पोरांकडून एकोणीस नुसतं पाठ करून घेतो, त्यातला उणा एक दाखवतच नाही. (नव्व्याण्णव तेवढा या ओळीत बसत नाही, ते पोरीनेच मला विचारलं, एकोणशंभर का नाही म्हणत म्हणून.)

पण आपल्या आकड्यांची दुसरी बाजू अवघड आहे हे पण कबूल करायला पाहिजे. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना सहा आधी लिहायचा, त्यामुळे पोरं ३६ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधिमंडळात विषय गेला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर जीव तोडून सांगत होत्या की जोडाक्षरांचे आकडे लहान मुलांना जड जातात, म्हणून ही सोय दिलीये. तेव्हा मला पण वाटलं होतं काय हे खूळ. आज घरात मूल आहे तर कळतंय. अठ्ठावीसला दोन देऊन तीस करायचे तर आधी अठ्ठावीसमध्ये वीस आणि आठ दिसायला पाहिजेत, आणि "वीस आठ" मध्ये ते सरळ दिसतात. मी आता बेरीज करताना तिला दोन्ही म्हणायला लावते, आधी वीस आठ मग अठ्ठावीस. जुना शब्द काही पळून गेला नाही.

शाळेत मी बाईंना भेटले. भांडायला नव्हते गेले. बाई चांगल्या आहेत, त्यांनी पेपर बघितला, पोरीला बोलावून तोंडी विचारलं, तिने पस्तीस सांगितलं, बाई हसल्या आणि म्हणाल्या अहो मला माहितीये तिला येतं, पण पेपरात मांडणीला मार्क आहेत आणि वर्गात एवढी मुलं, प्रत्येकाला कसं काढलंस विचारत बसले तर महिना पुरणार नाही. त्यांची अडचण खरी आहे. वर पालक पण विचारतात, शेजारच्या शाळेत हातचा शिकवून झाला, तुमच्याकडे कधी? म्हणजे घाई आपणच करायला लावतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की उभी मांडणी आणि हातचा हे थोडं उशिरा आलं तर काही बिघडत नाही. उभ्या बेरजेत मूल अठ्ठावीसकडे अठ्ठावीस म्हणून बघतच नाही, एक आठ आणि एक दोन असे सुटे आकडे दिसतात, आणि तो दोन म्हणजे वीस आहेत हे विसरायला होतं. ज्याला आधी मनात २८ वरून ३० आणि ३० वरून ३५ अशी उडी मारता येते त्याला हातचा नंतर एका आठवड्यात कळतो, कारण हातचा म्हणजे काय तर भरलेले दहा शेजारच्या घरात नेऊन ठेवले. उलट्या क्रमाने शिकवलं की २१५ येतं. दशक आणि सुटे तर पुस्तकात आहेतच, काड्यांचे गठ्ठे पण करून दाखवतात, पण गठ्ठ्यावरून एकदम रकान्यावर जातो आपण, मधलं तोंडी काम राहून जातं.

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि साधी गणितं यावीत, आणि हे २०२६-२७ पर्यंत गाठायचं असं त्यात आहे. चांगलंच आहे. पण ती गणितं मिनिटं लावून तपासू नका अशी माझी शिक्षण खात्याला हात जोडून विनंती आहे. घड्याळ लावलं की मूल त्याला सर्वात सवयीचं तेच करतं, म्हणजे बोटं मोजतं नाहीतर अंदाज मारतं, नवीन युक्ती वापरायची हिंमत करत नाही. माझ्या दुकानात पालक रोज येतात, "एका मिनिटात वीस बेरजा" अशी वर्कशीट झेरॉक्स करायला, पहिलीच्या पोरांसाठी. मी झेरॉक्स काढून देते पण जीव तुटतो. अबॅकसच्या क्लासला माझा विरोध नाही, काही मुलांना आवडतो. पण ज्या मुलाला अजून सातला दहा व्हायला किती कमी ते कळत नाही, त्याला आधी ते कळू दे.

आणखी एक, जे त्या वाचकांच्या पत्रात मोबाईलबद्दल होतं. मोबाईलने बिघडलं हे मला वेगळ्या अर्थाने पटतं. आता गिऱ्हाईक स्कॅन करून निघून जातं. पूर्वी पोरगं दुकानात वीस रुपये घेऊन यायचं, तेराची वस्तू घ्यायचं, उरलेले सात हातावर मोजून घ्यायचं, घरी आई परत मोजायची. दिवसाला दोन-तीन बेरजा-वजाबाक्या अशाच व्हायच्या, कोणी गृहपाठ म्हणून दिल्या नव्हत्या. आपल्या नाशिकरोडला देशाच्या नोटा छापतात आणि आपल्याच पोरांच्या हातात दहाची नोट आठवडा आठवडा येत नाही. म्हणून पालकांना सांगते, आठवड्यातून एकदा तरी रोख पैसे देऊन पोराला दुकानात पाठवा, आणि दुकानदारांना सांगते, पोरगं मोजत असेल तर दोन मिनिटं थांबा, मागच्या गिऱ्हाईकाला पण थांबू द्या.

याच नाशिक जिल्ह्यात देवळालीला द. रा. कापरेकर सर १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेत शिकवत होते. साधे शाळामास्तर, पण आकडे मांडायचे, उलटे करायचे, वजा करायचे, हेच त्यांचं वेड. ६१७४ हा आकडा त्यांच्या नावाने जगभर ओळखतात. कोणताही चार आकडी अंक घ्या, चारही आकडे सारखे नकोत, ते आकडे उतरत्या क्रमाने लावून मोठा अंक करा, चढत्या क्रमाने लावून लहान अंक करा, मोठ्यातून लहान वजा करा, उत्तराचं परत तसंच करत राहा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतो. ३५२४ घ्या, ५४३२ मधून २३४५ गेले ३०८७, मग ८७३० मधून ०३७८ गेले ८३५२, मग ८५३२ मधून २३५८ गेले ६१७४. आकड्यांशी एवढी सलगी मिनिट लावून होत नाही. कापरेकर सरांच्या गावाजवळच्या पोरांना तरी आकडे फोडून, जोडून, उलटे करून बघायला वेळ मिळावा असं मला फार वाटतं.

शाळांना माझी मागणी छोटी आहे. पहिली-दुसरीच्या चाचणीत दहा बेरजा देता त्याऐवजी पाच द्या, आणि प्रत्येकीखाली एक रिकामी ओळ ठेवा, "कसं काढलं ते लिही किंवा चित्र काढ." ज्याने बोटं काढली त्याला बोटं काढू दे, ज्याने उड्या काढल्या त्याला उड्या, आणि बाईंना एका नजरेत कळेल कोण कुठल्या पायरीवर आहे, प्रत्येकाला वेगळं बोलवायची पण गरज नाही. आमच्या बाईंनी एका चाचणीला तसं करून बघते म्हणून कबूल केलंय. कागद लागला तर झेरॉक्स मी फुकट काढून देईन असं मी त्यांना सांगून आलेय, आणि सिडकोतल्या दुसऱ्या कुठल्या शाळेच्या बाईंना करून बघायचं असेल तर त्यांनाही.

आपली,
एक पालक आणि दुकानदार, सिडको, नाशिक